दोरी सोडायचा दिवस

ती पहिल्यांदा माझ्या मुठीवर बसली तेव्हा सर्वांत आधी जाणवली ती पकड. जाड कातडी हातमोज्यातूनही तिच्या पायाची चारही बोटे मला निरनिराळी मोजता येत होती. हॅरिस हॉक या शिकारी पक्ष्याची मादी, वय चार महिने, छातीवर तपकिरी रेघा, खांद्यांवर विटकरी छटा. तिने मला एकदा नीट पाहून घेतले, ही जागा आपल्या लायकीची नाही असे ठरवले आणि उडी मारली. पायांतल्या कातडी वाद्या माझ्या बोटांत अडकवलेल्या होत्या. त्यामुळे ती उलटी लटकून पंख झोडपू लागली.

"घाबरू नकोस," तिचे मालक म्हणाले. "छातीखाली तळवा दे आणि अलगद वर घे. आणि अशी टक लावून बघू नकोस तिच्याकडे. जेवायला बसल्यावर तुझ्याकडे कुणी असं बघितलं तर तुला घास जाईल का?"

केंब्रिजच्या उत्तरेला जमीन इस्त्री फिरवल्यासारखी सपाट होत जाते, तिथल्या एका खेड्यात ते राहत. उभा जन्म त्यांनी त्या भागातले पाण्याचे चर उपसणारे यंत्र चालवले होते. निवृत्तीनंतर ते शिकारी पक्ष्यांची पैदास करू लागले. मी तिथून अर्ध्या तासावर एका प्रयोगशाळेत प्रथिनांच्या रेणूंना घड्या कशा पडतात यावर संशोधन करत होते. ऑगस्टमधल्या एका गावमेळाव्यात त्यांनी पक्षी उडवून दाखवला आणि त्यानंतर मी त्यांना तासभर प्रश्न विचारले. शेवटी ते वैतागून म्हणाले होते, "एवढं विचारण्यापेक्षा शनिवारी ये आणि हात पुढे कर."

त्यांची अट साधी होती. ही मादी विकत घ्यायला दोघे अनुभवी शिकारी तयार होते. तरी ऑक्टोबर संपेपर्यंत ते थांबणार होते. तोवर मी तिला दोरीशिवाय मोकळी उडवून परत मुठीवर बोलावून दाखवले, तर ती माझी. नाहीतर त्या दोघांपैकी एकाची. परीक्षा द्यायची म्हटले की मला हुरूप येतो. मी लगेच हो म्हणाले.

रोज सकाळी प्रयोगशाळेत जाण्यापूर्वी आणि संध्याकाळी उजेड असेतो मी त्यांच्या आवारात असे. तिचे अन्न म्हणजे एक दिवस वयाची मेलेली कोंबडीची पिल्ले. ती मी गोठवलेल्या स्थितीत आणून घरी साठवत असे. पुण्याहून व्हिडिओ कॉलवर आईची नजर नेमकी तिथेच पडली.

"अगं, ते पिवळं काय आहे फ्रीजरमध्ये?"

"कोंबडीची पिल्लं."

"मटारशेजारी?"

"वेगळ्या डब्यात आहेत, आई."

"अंडं उकडायचं भांडंसुद्धा वेगळं ठेवणाऱ्या घरातली तू! बरं, जिवंत नाहीत ना?"

"नाहीत."

"मग झाकण घट्ट लाव," एवढे बोलून तिने विषय बदलला. हा माझ्या अपेक्षेपेक्षा फारच चांगला निकाल होता.

तिसऱ्या दिवशी तिने माझ्या मुठीवर बसून मान खाली घातली आणि मांसाचा तुकडा ओढला. या विद्येत हा पहिला टप्पा मानतात, कारण मान खाली घालणे म्हणजे काही क्षण आपल्यावरची नजर काढणे. माझ्या मनगटाला घाम फुटला होता आणि मला ओरडावेसे वाटत होते. मी श्वासदेखील बेताने घेतला. दुसऱ्या आठवड्यात ती कुंपणाच्या खांबावरून मुठीवर उडी मारू लागली. मग पायाला लांब, हलकी दोरी बांधून दहा मीटर, वीस मीटर, चाळीस मीटर.

यातले प्रत्येक पाऊल मी मोजले. भूक हाच तिचा आणि आपला दुवा असतो आणि वजन वाढले की भूक मंदावते, म्हणून तिचे रोजचे वजन ग्रॅममध्ये. हाक दिल्यापासून मुठीवर उतरेपर्यंतचा वेळ सेकंदांत. गळ्यात स्टॉपवॉच, खिशात वही. नऊशे चाळीस ग्रॅमला ती सर्वांत तत्पर असते, हे माझ्या आलेखात ढळढळीत दिसत होते. मी तो मालकांना मोठ्या अभिमानाने दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो निरखला आणि परत दिला.

"छान आहे. तिला दाखवलास का?"

ऑक्टोबरच्या मध्यावर एका शनिवारी त्यांनी दोरी सोडायला सांगितली. वजन नऊशे एकोणचाळीस. आकाश स्वच्छ, वारा नाममात्र. "ते घड्याळ आज गाडीत ठेव," ते म्हणाले, "दोन्ही हात मोकळे हवेत." मी हात वर केला, ती उडाली आणि चराच्या काठच्या विलोच्या झाडाच्या शेंड्यावर जाऊन बसली. तिच्या पायात आता घंटी तेवढी होती, दोरी नव्हती. त्या क्षणी मला जे वाटले त्यात भीती किती आणि आनंद किती, याचे पृथक्करण मला आजही जमलेले नाही.

मी शिट्टी वाजवली. मुठीवर मांस धरले. ती हलली नाही.

पुन्हा शिट्टी. तिने मान वळवून पाहिले आणि पिसे साफ करायला घेतली. दहा मिनिटे गेली, वीस गेली. दोन कावळे येऊन तिला टोचा मारू लागले तशी ती पुढच्या झाडावर सरकली. आणखी दोन झाडांपलीकडे हमरस्ता होता.

"वजन बरोबर आहे," मी मालकांना म्हणाले.

"असेल. पण तिला काहीतरी बरोबर वाटत नाहीये. बोलू नकोस, बघ."

मी पाहिले. मी शिट्टी वाजवली की ती माझ्या मुठीकडे पाहतच नव्हती. तिची नजर माझ्या उजव्या हाताकडे, तिथून छातीकडे जात होती आणि तिथे अपेक्षित वस्तू नसल्यासारखी परत फिरत होती. रोज माझा उजवा हात छातीपाशी काय करत असे? स्टॉपवॉचची कळ दाबत असे. आधी कळ, मग शिट्टी, मग मूठ. दीड महिना, दिवसातून वीस वेळा, याच क्रमाने.

मी गाडीकडे धावले. चिखलात एकदा पडले. परत येऊन घड्याळ गळ्यात घातले आणि कळ दाबली. बारीकसा "टीं" असा आवाज झाला. मी हातमोजा वर करण्याआधीच ती फांदी सोडून निघाली होती. पंख मिटून ती तिरकी खाली आली आणि माझ्या मुठीवर इतक्या जोरात आदळली की मी अर्धी वळले.

मालकांना मी सगळा उलगडा सांगितला. यंत्रावर आयुष्य गेल्यामुळे बारीक आवाज त्यांना ऐकू येत नसत. तो "टीं" त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. ते फाटकाला टेकून डोळे पुसेपर्यंत हसले.

"म्हणजे दीड महिना तू तिला घड्याळ शिकवलंस! आणि शिट्टी वाऱ्याला!"

"पण मग घड्याळ घेऊनच उडवू या ना? उत्तम चालतंय."

"आज तीस पावलांवर होती. दोनशे पावलांवर, वाऱ्यात, ते टीं तिला ऐकू येईल? आणि सेल संपला तर? मुली, तुझ्याकडे दोन आठवडे आहेत."

वैज्ञानिक म्हणून मला लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही. पण त्याहून जास्त उत्साह वाटला. मी जे मोजत होते ते माझ्या मोजण्यामुळेच घडत होते, आणि हे दाखवून देणारी ती होती. दोष सापडला होता, म्हणजे तो काढता येणार होता. पुन्हा दोरी बांधली. आधी शिट्टी, मग टीं. मग शिट्टी आणि बऱ्याच वेळाने टीं. मग नुसती शिट्टी. आठव्या दिवशी घड्याळ प्रयोगशाळेतल्या खणात गेले. तिची तत्परता किती सेकंदांची आहे ते आता मला माहीत नव्हते. मी तिच्याकडे पाहू लागले: कपाळावरची पिसे कधी उभी राहतात, निघण्याआधी ती पायांवर कशी बसकी होते.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी बिटाच्या शेतांवरून पश्चिमेचा वारा सुटला होता. मी दोरी सोडली. आम्ही कुंपणाच्या कडेने चालू लागलो आणि ती वरून एकेक झाड बदलत आमच्याबरोबर येऊ लागली. तिच्या पायातली घंटी मधूनमधून वाजे. मालकांनी काठीने झुडूप झोडपले आणि एक ससा बाणासारखा सुटला.

ती सुटली. ससा वळला, तीही वळली. दोघे चराच्या बांधावरून पलीकडे गेले. मग काहीच दिसेना. घंटीही ऐकू येईना. बांधापलीकडे दोनशे पावले तरी मोकळे रान होते आणि पुढे हवे तेवढे आकाश. मी मालकांकडे पाहिले. ते माझ्याकडे पाहत नव्हते.

मी एकदाच शिट्टी वाजवली आणि मूठ वर धरली.

आधी घंटी ऐकू आली. मग बांधाच्या रेषेवर एक काळा ठिपका. मग कापलेल्या शेतावरून, गुडघ्याएवढ्या उंचीने, वारा कापत ती सरळ माझ्याकडे आली आणि शेवटच्या क्षणी उंच होऊन मुठीवर उतरली. ससा निसटला होता. नखात राखाडी केसांचा पुंजका तेवढा उरला होता. मी हसत होते आणि माझे दात थंडीने वाजत होते.

"अजून एकदा!" मी म्हणाले. "पुढच्या कुंपणापर्यंत. उजेड आहे अजून."

"नाही."

"एकदाच. ती तयार आहे, बघा ना."

"तू तयार आहेस. तिने काम केलंय, तिला आत्ताच पोटभर खाऊ दे, म्हणजे पुढच्या वेळी ती आणखी लवकर येईल." एवढे बोलून ते पाठ फिरवून गाड्यांकडे चालू लागले. मी तिला तिथेच उभ्या उभ्या सगळे मांस खाऊ घातले. मी पोचले तेव्हा त्यांनी आपल्या गाडीतली पक्ष्याची प्रवासी पेटी काढून माझ्या मागच्या सीटवर ठेवली होती आणि तिला पट्टा लावत होते.

"वळणं सावकाश घे," ते म्हणाले. "तिला गोल चौकांची सवय नाही."

घरापर्यंत मी ताशी तीस मैलांच्या वर गेले नाही. मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. पेटीत ती प्रत्येक वळणाला पाय रोवून तोल सावरत होती आणि तो आवाज मला पुढच्या सीटवर स्पष्ट ऐकू येत होता.