जाहिरात लागली की बोला

रेडिओकाकांचं बोट आधी आठवतं, चेहरा नंतर. उजव्या हाताची तर्जनी, खांद्याच्या उंचीवर. अर्थ एकच: गप्प बसा, कार्यक्रम चालू आहे. सिंगापूरला टॅम्पिनीसच्या त्यांच्या फ्लॅटमधली मागची खोली मी भाड्यानं घेतली होती. त्या काळात ते बोट मी जितकं पाहिलं, तितकं माझ्या बापानं जन्मात मला दाखवलं नव्हतं. 'माणूस तसा वाईट नव्हता हो' असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. मी म्हणणार नाही.

काका पूर्वी कंपनीच्या कामासाठी टेक्सासला राहून आले होते. तिथून लोक चॉकलेटं आणतात, यांनी एक रेडिओ स्टेशन आणलं. इंटरनेटवर ते चोवीस तास चालायचं आणि त्यात गाणं औषधालासुद्धा नाही, नुसती बडबड. तिथली पहाट म्हणजे आमची संध्याकाळ. काका हार्बरफ्रंटच्या ऑफिसातून घरी आले, की हॉलमधल्या कॉम्प्युटरच्या स्पीकरवर एक ओरड्या सुरू व्हायचा. कर म्हणजे दरोडा, सरकार म्हणजे चोर, बाहेरून आलेले लोक आपल्या नोकऱ्या खातात. जेवणं होईपर्यंत त्याचं दळण. मग एक सल्ले देणारी बाई यायची. ती फोन करणाऱ्या बायकांना संसार शिकवायची आणि शेवटी प्रत्येकीला झापायची. सकाळी पोह्यांबरोबर तिसरा माणूस असायचा, तो हेच सगळं हसत हसत सांगायचा.

घरातल्या माणसांनी काय बोलायचं ते जाहिरातीत. "जाहिरात लागली, बोला!" असा पुकारा झाला की काकू हात पुसत स्वयंपाकघरातून धावत यायच्या. "पंख्याचा माणूस उद्या येतोय, सांगलीहून आईचा फोन होता, तिचा गुडघा पुन्हा सुजलाय," सगळं एका दमात. त्यांची दहा वर्षांची ऋचा तर यात पटाईत झाली होती. "पपा, ॲड ऑलरेडी! क्विक लाह, साइन हिअर!" म्हणत ती शाळेची डायरी पुढे सरकवायची. पाहुण्यांनाही सूट नव्हती. एकदा पासिर रिसचं एक जोडपं आलं होतं. आवाज होऊ नये म्हणून बिचारी दोघं चिवडा चावायच्याऐवजी चोखत बसली होती. जाताना त्या बाईंनी मला जिन्यापाशी विचारलं, "घरात कुणी आजारी आहे का हो?"

मी वाद घालायची. तोंड आवरणं मला कधी जमलं नाही. "काका, सरकार एवढं चोर आहे तर सरकारनं बांधलेल्या बिल्डिंगमध्ये आपण कसे राहतो?" ते म्हणायचे, "हे वेगळं. हे शिस्तीचं सरकार आहे." "आणि बाहेरून येऊन नोकऱ्या खाणारे? आपण कोण मग?" यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं: "आपण रांगेनं आलो, मॅडम." कुठली रांग, कुणाच्या पुढे, ते कधी सांगितलं नाही.

एकदा ओरड्यानं तिकडच्या काळ्या लोकांच्या राखीव जागांवर तोंड सोडलं होतं. जाहिरात लागली. काका खूश होऊन माझ्याकडे वळले, "हेच आपल्याकडे झालंय. वाटोळं केलं देशाचं. तुम्ही ओपनमधूनच ना?" मी म्हटलं, "नाही. मी बौद्ध आहे. राखीव जागेवर शिकले आणि वर्गात पहिली आले. माझी आई दुसऱ्यांच्या शेतात खुरपायची." काकूंच्या हातातली पळी आमटीतच राहिली. काकांचं बोट वर गेलं. जाहिरात अजून चालूच होती.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. मला डेंग्यू झाला तेव्हा टॅक्सीनं दवाखान्यात हेच घेऊन गेले आणि रिपोर्ट येईपर्यंत थांबलेही. एका कानात इअरफोन होता, पण थांबले. त्यापलीकडे माझ्या गाठीला त्यांचं काही चांगलं नाही.

आता काकूंचं. काकू सांगलीला शाळेत शिक्षिका होत्या. पन्नास पोरांचा वर्ग, आणि पट्टी न उचलता शांत करायच्या म्हणे. लग्नानंतर सगळं सुटलं. इथे आल्यावर त्या ब्लॉकखालच्या बाकावर समोरच्या चिनी आजीच्या नातवाला बडबडगीतं शिकवायच्या, मराठीतून, आणि ते पोरगंही म्हणायचं. त्यातूनच कुणीतरी त्यांचं नाव पासिर रिसच्या एका बालवाडीत सुचवलं. मुलाखत झाली, त्या पसंतही पडल्या. उत्तर शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. मला सांगताना त्यांचे कान लाल झाले होते. "ह्यांना विचारते आणि मग शाळेला कळवते," म्हणाल्या.

त्या आठवड्यात मी त्या घरातली प्रत्येक जाहिरात ऐकली. सोमवारी काकू म्हणाल्या, "अहो, मला एका बालवाडीत..." "थांब, कार्यक्रम लागला." मंगळवारी त्या पुन्हा आल्या. काका पडद्याकडे बघतच म्हणाले, "कालच त्या बाईनं सांगितलं, आई घराबाहेर पडली की घर मोडतं." म्हणजे ऐकलं होतं! चांगलं स्पष्ट ऐकलं होतं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या माणसाला ऐकू येत नव्हतं असं नाही. ज्याचं उत्तर द्यायचं नसेल ते जाहिरातीच्या दोन मिनिटांत मारून टाकायची ही सोय होती. मी संतापानं काकूंना म्हटलं, "मी बोलू का?" त्या म्हणाल्या, "नको गं. माझं मी बघते."

शुक्रवारी काका जेवत होते, ओरड्या ऐन भरात होता. काकू स्वयंपाकघरातून आल्या आणि कॉम्प्युटरपाशी उभ्या राहिल्या. "मी सोमवारपासून कामाला जाणार आहे."

बोट वर.

"मी काय म्हणतेय?"

काकांनी आवाज वाढवला. काकूंनीही वाढवला. पन्नास पोरांच्या वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज होता तो, मी पहिल्यांदाच ऐकत होते. "सोमवारपासून मी कामाला जाणार! मी त्यांना हो कळवलंय! ऋचा शाळा सुटल्यावर माझ्याकडे येईल! संध्याकाळचा कुकर तुम्ही लावायचा! तांदूळ डाव्या डब्यात आहेत!" समोरची आजी दार उघडून जाळीतून विचारायला लागली, "ओके ऑर नॉट?" ऋचानं तिला सांगितलं, "ओके, आंटी. ममी ओन्ली टॉकिंग." मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. घास हातात होता म्हणून राहिलं.

शिक्षा अर्थात मला झाली. दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, "मॅडम, महिनाअखेर खोली रिकामी करा. घरातलं वातावरण बिघडलंय." काकू भांडायला उठल्या, मीच थांबवलं. मला दुसरी खोली मिळाली असती. त्यांना नोकरी टिकवायची होती.

निघाले ती सकाळची वेळ होती. काकू ऋचाला घेऊन आधीच बाहेर पडल्या होत्या; जाताना मला घट्ट मिठी मारून गेल्या. काका कॉम्प्युटरसमोर. पोहे नव्हते, पाव होता. त्यांना काय काय सुनवायचं ते मी रात्रभर पाठ केलं होतं: आईचं खुरपणं, राखीव जागा, सगळं. मी बॅगा घेऊन हॉलमध्ये आले, तर त्यांनी आपण होऊन स्पीकर बंद केला.

"मॅडम, जाता जाता हिला एवढं सांगा. तुमचं ऐकते ती. म्हणावं, पुरे झाली आता हौस."

"तुम्ही सांगा ना, काका. मी तर निघाले, घरात तुम्हीच राहणार."

त्यांनी पावाचा तुकडा बशीत टाकला. मग म्हणाले, "ती कुठे ऐकून घेते? घरी आली की तिचं आणि ऋचाचं शाळेचंच चालू असतं. मी बोलायला लागलो की म्हणते, थांबा हो जरा."

खरं तर इथे मला त्यांची कीव यायला हवी होती. नाही आली. पाठ केलेलं भाषणही मी केलं नाही, त्याची गरजच उरली नव्हती. किल्ली टेबलावर ठेवली आणि लिफ्टमध्ये शिरले. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.