बाहेर ओरखडाही नव्हता

करावे गावच्या दमयंतीबाई तीस वर्षं खाडीत मासेमारी करत होत्या. एके दिवशी सकाळी होडी पाण्यात ढकलताना लाटेनं ती मागं फिरली आणि तिच्या टोकानं त्यांना जेट्टीच्या भिंतीवर दाबलं. पोटावर साधा ओरखडाही उठला नाही. "मना काय झाला नाय," असं जेट्टीवर आलेल्या सुनेला सांगून त्यांनी खाडीतून मासे आणले आणि दुपारपर्यंत बाजारात विकले.

दुसऱ्या दिवशी त्यांना उठवेना. सून मिताली चहा घेऊन आली, तर सासू पाय पोटाशी घेऊन पडलेली, अंग तापलेलं. पोट फळीसारखं कडक झालं होतं आणि त्या हात लावू देत नव्हत्या.

"मिताली, मना भ्या वाटतं," त्या म्हणाल्या. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण सासूच्या तोंडून हे तिनं कधी ऐकलं नव्हतं. तिनं लगेच रिक्षा बोलावून त्यांना दवाखान्यात नेलं.

"पोटावर काही आपटलं होतं का?" डॉक्टरांनी विचारलं. होडीचं मितालीनंच सांगितलं.

स्कॅन पाहून डॉक्टर म्हणाले, "आतडं फाटलंय. आतली घाण पोटात पसरतेय. आत्ताच ऑपरेशन करावं लागेल."

"मी उठंन ना?"

"वेळेत आलात. प्रयत्न करतो."

ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत त्यांनी मितालीचा हात सोडला नाही.

फाटलेला तुकडा कापून आतडं जोडलं. सहाव्या दिवशी डॉक्टरांनी चमच्यानं पाणी द्यायला सांगितलं. पहिला घोट दमयंतीबाईंनी बराच वेळ तोंडातच धरून ठेवला. मग डोळे मिटून गिळला आणि दोन्ही हात पोटावर ठेवून, पुन्हा दुखतंय का, याची वाट पाहत राहिल्या.