बहिणीबरोबर जंगलात

माझी धाकटी बहीण सुमन वनरक्षक आहे. एका उन्हाळ्यात तिच्याकडे राहायला गेलो होतो, तेव्हा दुपारच्या फेरीला तिच्याबरोबर निघालो. वळणावर दोन माणसं साग तोडताना दिसली. दोघांच्याही हातात कुऱ्हाडी होत्या, सुमनकडे नुसती काठी.

"मागे फिरू," मी तिचा हात धरून कुजबुजलो.

तिनं हात सोडवला आणि पुढे होऊन म्हणाली, "कुऱ्हाडी खाली ठेवा."

त्यातला एकजण कुऱ्हाड तशीच धरून तिच्याकडे रोखून बघत राहिला. मग एकदम कुऱ्हाडी टाकून दोघंही झाडीत पळाले.

सुमन तिथंच खाली बसली. पाण्याच्या बाटलीचं झाकण ती उलटंच फिरवत राहिली. मी उघडून दिलं.

"तुलाही भीती वाटते?"

"रोज वाटते, दादा. आईला सांगू नकोस."

ज्या गर्द सावलीचं सकाळपासून मी कौतुक करत होतो, ती अशी रोज घाबरत घाबरत कुणीतरी राखलेली होती.

"चल, अजून नाल्यापलीकडे जायचंय," ती उठली. मला मुळीच जायचं नव्हतं. धाकट्या बहिणीच्या अगदी पाठीला चिकटून मी चालत राहिलो.