देवापुढची पत्रिका

मुलीसाठी स्थळ शोधताना मी भेटेल त्याला विचारत होतो. तिच्यासाठी वकील शोधताना मात्र एकाच सहशिक्षकाला विचारलं, तेही शाळेच्या मागच्या व्हरांड्यात, आणि "एका नातेवाइकासाठी हवाय" असं खोटं सांगून.

वकीलबाईंनी वकीलपत्रावर माधुरीची सही घेतली. मग मला म्हणाल्या, "सर, लग्नाचा पुरावा लागेल. फोटो आणि पत्रिका आणलीत ना?"

पत्रिका तेव्हा सगळ्या वाटून झाल्या होत्या. घरात उरली होती ती एकच, पहिली, देवापुढे ठेवलेली. सकाळी देव्हाऱ्यातून ती मी काढली, तेव्हा बायको आत निघून गेली. पत्रिकेच्या चारी कोपऱ्यांना कुंकू मीच लावलं होतं. लग्न नीट पार पडावं म्हणून देवाला केलेलं आमंत्रण आता तेच लग्न मोडायला पुरावा म्हणून लागत होतं. माझा हात पिशवीतच अडकला.

"बाबा, द्या ना," माधुरी हळूच म्हणाली.

वकीलबाईंनी पत्रिका उलगडली. कुंकू त्यांच्या बोटांना लागलं. त्यांनी न बघताच खणातून एक पांढरं फडकं काढलं आणि बोटं पुसली. फडक्यावर तसलेच लाल डाग आधीचे पुष्कळ होते.