धाकट्या जावेची तीन शटरं

मैलूरच्या रस्त्यालगत सासऱ्यांनी दोन जागा घेतल्या होत्या. वाटणीत कोपऱ्यावरची धाकट्या जावेला गेली, गल्लीतली मला. तेव्हा सगळीकडं तुरीची शेतं. कोपरा काय नि गल्ली काय, म्हणून मी गप्प बसले. मग रस्ता रुंद झाला, घरं उठली, आणि जावेनं खाली तीन दुकानं, वर घर असं बांधायला काढलं.

माझ्या पोटात दुखायला लागलं, खोटं कशाला बोलू? मी बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन चालवायची. गल्लीतल्या बायकांचे झंपर शिवून घर चालायचं. आणि हिला बसल्या जागी तीन शटरं. अन्न गोड लागेना मला.

मग मी घरोघर फिरले. "दुकानं आली की टवाळ पोरं येत्यात. लेकीबाळींनी जायाचं कुठून?" चारदा म्हटल्यावर मलाही ते खरं वाटायला लागलं. कचेरीबाहेरच्या अर्ज लिहिणाऱ्याकडून कन्नडात अर्ज लिहून घेतला. तो म्हणाला, कोपऱ्यावरच्या दुकानांचंच लिहू ना? मी म्हटलं, नको. गल्लीत कुठल्याच घरात कसलाच धंदा नको, असं लिहा. एकट्या जावेचं नाव घेतलं असतं तर माझं पितळ उघडं पडलं असतं. आमच्या गल्लीत कुठल्याही कागदावर थोरल्या बाईची सही आधी व्हायची. म्हणून वर माझी, मराठीत. खाली कन्नड, उर्दू, दोन अंगठे.

पंधरवड्यानं नगरपालिकेचे साहेब आले. जावेनं दुकानांची परवानगी आधीच काढून ठेवली होती, तो कागद तिनं पुढं केला. साहेबांनी मान हलवली आणि गल्लीत शिरले. पहिलं घर माझंच. दोरीवर झंपर, दारात मशीन. "हे बंद करा," म्हणाले. मी तोंड उघडलं तर त्यांनी अर्जच समोर धरला.

मशीनवर चादर पडली. बायका दुसरीकडं शिवायला टाकू लागल्या. त्यांच्याच सह्या, बोलणार कुणाला?

दुकानं उभी राहिली तशी जाऊ घरी आली. माझ्यापुढं किल्ली ठेवली.

"अक्का, कोपऱ्यातलं दुकान घ्या. उजेड चांगला हाय तिथं."

"मला कामून देयलीस?"

"तुमची मशीन बंद पडलीय म्हणून." उंबऱ्यापाशी ती थांबली. "अर्ज साहेबानं मलाबी दाखिवला व्हता. मराठी सही एकच व्हती."

पुढं काही बोलली नाही, आजवर नाही. तेव्हा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दुकानात अजून मी झंपर शिवते, आणि वर तिची पावलं वाजतात. आता तिच्या शटरांचं मला काही वाटत नाही. ती माझ्यापेक्षा चांगली निघाली, ते मात्र अजून बघवत नाही.