खिडकीकडची सीट

कागलहून कोल्हापूरला जाणाऱ्या सकाळच्या एस.टी.त एक आजोबा रोज दिसायचे. पांढरी टोपी, झुपकेदार मिशा आणि शेजारी खिडकीकडच्या सीटवर घडी घालून ठेवलेला निळा टॉवेल. गाडी कितीही खच्चून भरू दे, कुणी विचारलं की एकच उत्तर, "माणूस येणार हाय." माणूस कधीच यायचा नाही. मला मनापासून राग यायचा.

एकदा मी त्यांच्याजवळच उभा होतो. माझ्या हातातलं इंग्रजीचं पुस्तक बघून ते म्हणाले, "पावणं, मास्तर हाय न्हवं? 'मूव्ह ऑन' म्हंजे काय वो?"

शाहूपुरीतल्या क्लासमध्ये मी हेच शिकवतो. म्हणालो, "पुढं सरकणं. नाहीतर एक विषय सोडून दुसऱ्याकडं वळणं."

"तसलं न्हवं. आमची मंडळी वारल्यापास्नं पोरगा फोनवर सारखं त्येच म्हणतोय."

तिसरा अर्थ फळ्यावर मी बिनदिक्कत लिहितो. इथं जीभ अडखळली. "म्हणजे... झालं गेलं विसरून पुढं जायचं."

"इसरूनच? का संगट घिऊन बी चालतं?"



ते टॉवेलकडं बघत राहिले, मग उठले. वाटलं, आता टॉवेल उचलणार. त्यांनी मलाच स्वतःच्या जागेवर बसवलं. "बसा मास्तर. तिला खिडकी लागती."

मी अंग चोरून बसलो. पुढच्या स्टॉपवर एक बाई चढल्या, टॉवेलकडं बोट करून म्हणाल्या, "कोण हाय का हितं?"

मी गोंधळून आजोबांकडं बघितलं. ते बाहेर बघत होते.

"माणूस येणार हाय," मी म्हणालो.