सोलापूरचे दादा

न भेटता माणसं जोडली जातात याचं हल्ली भलतं कौतुक चालतं. ते ऐकलं की माझ्या अंगावर काटा येतो. मी तशी माणसं सत्तरच्या दशकातच जोडून बसले होते, नागपूरजवळच्या वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात, टेलेक्सच्या मशीनवर.

इकडे मी अक्षरं दाबायची आणि ती सोलापूरच्या ऑफिसात कागदावर उमटायची. तिकडून कोणी लिहिलं की माझं मशीन खडखडायला लागे. ट्रक निघाला, माल पोचला, कामाचं एवढंच. पण दिवसभर एकाच माणसाशी खडखडाट केल्यावर बोलणं ट्रकपाशी थांबतं थोडंच! सोलापूरला एक वयस्कर गृहस्थ बसत. त्यांचा आवाज मी कधी ऐकला नाही, नावही विचारलं नाही. ते मला ताई म्हणत, मी त्यांना दादा. सकाळची पहिली ओळ त्यांची असे, "ताई, चहा झाला?" रोमन अक्षरांतलं ते मराठी वाचून मला माहेरी बसल्यासारखं वाटे, आणि मी तर माहेरीच राहत होते. बाबांचा दुखरा गुडघा, आईचे उपास, सगळं त्यांना ठाऊक होतं.

संक्रांतीनंतर धाकट्या बहिणीला सोलापूरचं स्थळ सांगून आलं. एवढ्या लांब जाऊन चौकशी कोण करणार? मी दादांना गळ घातली. काही दिवसांनी उत्तर आलं, "घर पाहून आलो. माणसं चांगली. मुलगा निर्व्यसनी. डोळे मिटून द्या." आम्ही डोळे मिटले. पाहुणे नागपूरला आले, साक्षगंध झालं, अंगठी बोटात आली, बहीण आरशासमोर जास्त वेळ घालवू लागली.

मग लग्नाची बोलणी करायला बाबा सोलापूरला गेले. आधी दादांचे आभार मानावेत म्हणून त्यांच्या ऑफिसात शिरले आणि मुलाच्या घरी न जाता तिथूनच परत फिरले. मशीनच्या वर दादांचा हार घातलेला फोटो होता. ते दिवाळीच्या आधीच वारले होते. खाली त्यांच्या खुर्चीत एक किडकिडीत माणूस बसला होता. घरी येऊन बाबा म्हणाले, "नागपूरहून आलो म्हनलं, त त्यानं पयले मले गुडघ्याचं इचारलं वं."

आपण दादा नाही हे त्या माणसाने लपवलं नाही. या खुर्चीत बसलं की दादाच व्हावं लागतं, म्हणाला. गावोगावहून सगळे दादांनाच विचारतात, किती जणांना सांगत बसू? स्थळाची चौकशी कोणी केली, असं बाबांनी विचारलं तेव्हा तो नुसता हसला आणि मशीनकडे वळला.

दिवाळीपासून "चहा झाला?" एक दिवसही चुकलं नव्हतं. शब्द तेच, माया तीच. मला फरक कळू नये याचा रागही आला, पण रागापेक्षा भीती मोठी होती.

बहीण दारात उभी राहून ऐकत होती. तिने विचारलं, "मंग घर पाह्यलं कोनं वं?"

मग तीच म्हणाली, "उद्या इचार त्याले. खरं सांगतलं, त करीन मी लग्न."

दुसऱ्या दिवशी मी टेबलाशी जाते न जाते तोच मशीन खडखडलं. "ताई, चहा झाला?"

मी लिहिलं, "सोलापूरचं घर कोणी पाहिलं? खरं सांगा."

बाहेर ट्रकवर पोती चढत होती, हमाल एकमेकांवर ओरडत होते. मग ओळ आली.

"दादांनी."

"दादा तर दिवाळीआधीच गेले."

"हो ताई. घर चांगलं आहे."

मी कागद फाडून घेतला आणि अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून घरी गेले. बहिणीने तो वाचला. साक्षगंधाची अंगठी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.